चार प्लग आणि वीस तारीख

सोमवार, ३ तारीख. सकाळी ७.
निश्चय : गाडीचे चारही स्पार्क प्लग मी स्वतः बदलणार. वीस तारखेला आमच्या हिला घेऊन नव्वद किलोमीटरवरच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात जायचं आहे. काचबिंदू. उजवा डोळा गेलाच, डाव्याचं ऑपरेशन. मोठे सर्जन तिथे महिन्यातल्या तिसऱ्या गुरुवारीच येतात आणि दुपारी बाराला निघतात. इथले डॉक्टर म्हणाले, गेलेली दृष्टी परत येत नाही, उरलेली सांभाळायची, तेव्हा तारीख चुकवू नका. हे मला सांगावं? मी हेडमास्तर होतो तेव्हा शाळेची घंटा एकदाही चुकली नाही.
मेहुण्याचा फोन. म्हणे, ताईला माझ्या गाडीतून नेतो. नम्रपणे नको म्हटलं. (ही म्हणते, ओरडलात.) आपल्या इंजिनात काय पेटतं हे ज्याला ठाऊक नाही, तो गाडीचा मालक नव्हे, नुसता उतारू! हे वाक्य पुढच्या भाषणात घेणे.
ही वही यापुढे कपाटात, कुलपात. गेल्या वर्षीच्या वहीत हिने समासात पेन्सिलीने सात ठिकाणी ‘खोटं’ असं लिहून ठेवलं होतं.

बुधवार, ५.
जुने प्लग काढले. तीन निघाले, चौथ्याने बोटाचं साल काढलं. टोकांवर काजळी. या विषयावरची तीन पुस्तकं वाचून संपवली. निदान : ठिणगी अशक्त.
कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला सहज सांगितलं. म्हणाला, सर, जुना प्लग खिशात टाकून दुकानात जा, शेजारी धरून मापाचा आणा. ज्याला तत्त्व कळलं त्याला नमुना लागत नाही. गेलो तर रिकाम्या खिशाने जाणार.

शनिवार, ८.
प्लग आणले. दुकानदाराने गाडीचं मॉडेल विचारलं. मी त्याला ठिणगी या विषयावर वीस मिनिटं दिली. मागे रांग लागली, यावरून लोकांना ज्ञानाची किती भूक आहे ते दिसतं. शेवटी मी बोट ठेवलं तो डबा त्याने मुकाट्याने दिला. मॉडेल सांगायचं राहिलं.
मुद्दाम जरा लांब आट्यांचे निवडले. ठिणगी जितकी आत जाईल तितकं पेट्रोल चांगलं पेटेल. इतकी साधी गोष्ट, कंपनीला सुचली नाही.

मंगळवार, ११.
आज गॅप. फीलर गेज म्हणजे पोलादी पात्यांचा जुडगा. आठ दशांश मिलिमीटरचं पातं प्लगाचं टोक आणि त्यावरची वाकडी पट्टी यांच्यामधून गेलं पाहिजे, ना सैल ना घट्ट. चारही तंतोतंत. अंदाज चुकला नाही. फारसा नाही.
ही शेजारी बसली होती. एका हातात जुना प्लग घेतला, दुसऱ्यात नवा, आणि दोघांच्या आट्यांवरून सावकाश अंगठा फिरवला. मग म्हणाली, “अहो, नवा लांब आहे. आत कशाला टेकणार तर नाही?”
बिचारी. दिसेनासं झालं की माणूस शंकेखोर होतो. तिच्या डोळ्यात थेंब घातले आणि विषय संपवला.
प्लग बसवले. इंजिन सुरू! ॲक्सिलरेटर जोरात दाबला की आतून टक टक ऐकू येतं. ठिणगीचा जोर.
संध्याकाळी मेहुणा फळं घेऊन आला. बॉनेटपाशी उभा राहून हसला. नोंद.

गुरुवार, १३.
गाडी आचके देते. प्लग काढून पाहिले. दोघांचा गॅप साफ बंद. पातं सोडा, कागद जाईना. माझी चूक असणं शक्य नाही, म्हणजे कुणीतरी हात लावला. संशयित एकच. फळांचं कारण आता कळलं.
पुन्हा आठ दशांश.

शनिवार, १५.
गॅरेजला नवं कुलूप. बॉनेटच्या कडेला काळा दोरा चिकटवला. उघडलं की तुटणार. मग हिला घेऊन गावाबाहेर फेरी. वेग ऐंशी. टकटक वाढली आहे. ही मागे डोळे मिटून बसली होती. म्हणाली, कुणीतरी कधीचं दार ठोठावतंय आणि आपण उघडत नाही, असं वाटतं. मी रेडिओ लावला.

सोमवार, १७.
कुलूप शाबूत. दोरा शाबूत. तीन प्लगांचे गॅप बंद.
कुलूपबंद गॅरेजात, बंद बॉनेटखाली, कुणीतरी माझं काम चिमटीत धरून मिटवून टाकतंय. मी भूतबित मानत नाही. त्याविरुद्ध जाहीर भाषणं केली आहेत. तरी आज गॅरेजमध्ये शिरताना आधी खाकरलो.
उपाय : गॅप पूर्ण एक मिलिमीटर. शत्रूला मेहनत पडू दे. पट्ट्या मागे वाकवताना एकीवर केसाएवढी चीर दिसली. स्वच्छ पुसली.

बुधवार, १९.
मेहुण्याचा फोन, उद्यासाठी. नको म्हटलं. पेट्रोल भरून येताना मिस्त्रीने इंजिनाचा आवाज ऐकून रस्त्यावर येऊन हात वर केला. मीही हात केला. सज्जन माणूस.
ही दिवसभर डाव्या डोळ्याने एकेक गोष्ट बघत होती. भिंत, कॅलेंडर, माझं तोंड. काय करतेस विचारलं. म्हणाली, पाठ करतेय. उगाच घाबरते.

गुरुवार, २०. सकाळी ९.१०. रस्त्याच्या कडेला.
निम्म्या वाटेवर इंजिनात काहीतरी फुटलं. निळा धूर. तात्पुरता बिघाड. पाना, गेज, वही, सगळं सोबत आहे. ही म्हणते भावाला फोन करा. अर्धा तास मागून घेतला.
१०.१५. एका प्लगची पट्टीच नाही. तुटून आत गेली. या प्लगचा गॅप मोजता येत नाही, कारण मोजायला दुसरी बाजूच उरली नाही. हिने पुन्हा भावाचं नाव काढलं. दहा मिनिटं मागितली.
११.०५. हिने माझ्या खिशातून फोन काढला आणि मला नंबर लावायला सांगितला. लावला.
दुपारी १.४०. हॉस्पिटल. सर्जन गेले. पुढच्या महिन्याची सतरा तारीख दिली. मेहुण्याने वाटेत दोनदा हिला पाणी हवं का विचारलं. मला बोलला असता तर उत्तर देता आलं असतं.

शनिवार, २२.
मिस्त्रीने इंजिन खोललं. जुना प्लग आणि नवा प्लग माझ्यासमोर शेजारी धरले. नव्याचे आटे नखभर लांब. वेग वाढला की पिस्टन वर येऊन पट्टीवर आदळत होता. गॅप तोच बंद करत होता, मी उघडत होतो. शेवटी पट्टी तुटली, पिस्टनला भोक पडलं. मेहुणा निर्दोष. फळांचा प्रश्न मात्र उरतोच.

रविवार, २७. महिना पुढचा.
सतराला ऑपरेशन झालं. मेहुण्याच्या गाडीतून गेलो, वेळेच्या तासभर आधी पोहोचलो. सर्जन म्हणाले, डोळ्यातला दाब उतरेल, पण मधल्या महिन्यात गेलं ते गेलं. हिला आता खिडकी कुठे आहे ते कळतं. खिडकीत कोण उभं आहे ते नाही.
वहीला कुलूप लावणं सोडलं आहे. चार दिवस टेबलावर उघडी ठेवली, शेजारी टोक केलेली पेन्सिल. समास कोरा.
आत्ता ती चाचपडत टेबलाशी आली. वही हाताला लागली. पानावर सावकाश अंगठा फिरवला आणि काय लिहिताय म्हणून विचारलं. मी म्हणालो, “हेच, की प्लग लांब होता, तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही.”
अंगठा तसाच ठेवून ती म्हणाली, “खोटं.”
खरंच, तोवर ते लिहिलं नव्हतं. आत्ता लिहिलं.