भन्सारची मुदत

केनवड, ता. रिसोड
१८ जानेवारी २०२५

प्रिय उज्ज्वलाताई,

जयभीम. भाऊजींनाही सांग. इकडे सारे ठीक. तूर काढून झाली, तुझ्या वहिनीचा खोकला बसला. जीप अंगणात उभी आहे. बॅटरी उतरली म्हणून सुरू होत नाही, आणि मीही तिच्या वाटेला जात नाही.

काल फोनवर तू म्हणालीस, आईचे शेवटचे शब्द तिच्या फोटोखाली लिहून फ्रेम करून घेते. मी "बरं" म्हणून फोन ठेवला. तोंडानं सांगायची छाती होत नाही, म्हणून लिहितो. ताई, ती फ्रेम करू नको.

आईला जीपनं लुंबिनी दाखवायला नेलं, तिथपर्यंत सारं झकास झालं. सोनौलीच्या सीमेवर आपली एमएच-सदतीस पाटी पाहून लोक गाव विचारत, आणि आई मोठ्यानं "वाशीम जिल्हा!" सांगे. स्वतःच्या गाडीनं दुसऱ्या देशात आलो म्हणून मीही कॉलर ताठ करून होतो. नेपाळात आपली गाडी न्यायला तिथल्या जकातवाल्यांची, भन्सारची, चिठ्ठी लागते. तिच्यावर परतायची तारीख असते. नेमकं त्याच तारखेला सकाळी आईला थंडीनं दम लागला. सीमेजवळच्या भैरहव्याच्या दवाखान्यात सलाईन लावली. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस ठेवू. माझ्या डोक्यात एकच घोकणं, आज गाडी सीमेपार गेली नाही तर जप्त होईल.

आई म्हणाली, "जाय, तुही गाडी पाह्य. मी कुठं पळून राह्यली?"

हे तिचे शेवटचे शब्द. "उज्ज्वलीले सांगजो, माह्या मनात राग नाही," हे मी रचलं. माझ्या मांडीवर गेली, हेही. तुझ्या लग्नापासून तिनं तुझ्याशी बोलणं टाकलेलं. आई गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला तू नऊ वर्षांनी घरात पाय ठेवलास, तिच्या फोटोपुढं नुसती उभी राहिलीस, आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं.

ती गेली तेव्हा मी सीमेच्या अलीकडे होतो. गाडी दोन तासांत पार झाली होती. मग मी ती धुवायला लावली. चहा प्यालो. भन्सारचा बाबू चिठ्ठी घेताना सहज म्हणाला होता, अर्ज दिला असता तर मुदत वाढली असती. मी विचारलंच नव्हतं, ताई. शरम वाटते.

आता तुझ्यापुरतं खरं तेवढं सांगतो. जाताना आम्ही नागपुरातूनच गेलो. मी म्हटलं, "आई, ताईकडे चहा घेऊ." ती म्हणाली, "थांबवू नको गाडी." पुढं तुझं नाव निघालं नाही. तुझी वस्ती मागं पडेपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती, असं लिहावंसं फार वाटतं. पण मला माहीत नाही. माझी नजर रस्त्यावर होती.

शेवटी आईजवळ नसलेला तुझा भाऊ,
प्रसेनजित