कवडूचे रबरी पंजे

२ डिसेंबर १९७३, रविवार
आज कवडू आमच्या वाडीतल्या टायरच्या दुकानात आला. पाठीवर हवेचं नळकांडं बांधून धरणाच्या तळाशी उतरतो, दारांत अडकलेली लाकडं काढतो. पोहताना पायात घालायच्या, बदकासारख्या रबरी पंजांपैकी एक फाटलाय. ठिगळ मारून द्या म्हणे. मी नकार दिला. ठिगळ कोणीही मारेल. बावीस वर्षं ट्रकच्या झिजलेल्या टायरांवर नवं रबर चढवून रिट्रेड करतोय, रबराची नस मला ठाऊक. नवी जोडीच करून देतो म्हटलं. धरणावरचं त्याचं मोठं काम वीस तारखेला. भरपूर वेळ आहे.

५ डिसेंबर
जुने पंजे अगदीच लेचेपेचे. वाकवून सोडले की टुणकन सरळ. पाणी ढकलायचं तर पंजा टणक हवा. ट्रकच्या टायरची बाजू कापून घेतली, आत नायलॉनचे दोरे. सहजी वाकत नाही. मला पोहता येत नाही, पण त्यानं बिघडत नाही. टायर करणारा काही रस्त्यावर घरंगळत जात नाही. तरी संकल्प : उद्यापासून पोहणं शिकायचं.

९ डिसेंबर, रविवार
पोहणं नाही. सर्दी.
अंबाझरी तलावावर ट्रायल. मी काठावर. कवडू गेला झकास, पण बाहेर येऊन पोटऱ्या धरून बसला. म्हणे, पाय मारला का पंजा वाकते, पण आपल्या मनानं परत नाही येत गा. त्याले मलेच आणा लागते. जुना स्वतःच यायचा. मी समजावलं, सवयीचा प्रश्न आहे. आठ दिवसांत पोटऱ्या लोखंडी होतील.

१२ डिसेंबर
परत येण्याचा प्रश्न निकालात. पंजांत पोलादी पट्टी बसवली. वाकवून सोडली तर थेट माझ्या हनुवटीवर. दोन टाके. ताकद सिद्ध झाली. घरी बायको, गोपिका, म्हणाली, जे घरात बसल्या माणसाले मारते, ते दुसऱ्याच्या पायात काहून घालता? बायकांना मशिनरी कळत नाही.

१६ डिसेंबर, रविवार
पंजे अंगणात राहिले होते. सकाळी थंडीनं पाटासारखे कडक. उन्हात ठेवले, सुधारले. कवडू म्हणतो धरणाच्या तळाशी पाणी लई थंड असते. असेल. तिथे ऊन नसतं हे मात्र खरं.
दुपारी नळकांडं लावून ट्रायल. चाळीस मिनिटं पुरणारी हवा पंचवीस मिनिटांत संपली. कवडूचं म्हणणं, जोर जास्त लागते तं श्वासही जास्त लागते. मला वाटतं नळकांडं गळतंय. वॉशर बदलायला सांगितला.

१८ डिसेंबर
कवडूची बायको प्रयागबाई दुकानात आली. स्टूल दिलं, बसली नाही. म्हणाली, झोपेत त्याच्या पायाले गोळे येऊन राहिले. तुमी त्याले कामावर लावून देलं, म्हणून तो तुमाले नाही म्हणत नाही. तुमीच सांगा, जुनेच घाल म्हणून. मी तिला रोज दोन केळी खाऊ घालायला सांगितलं.
ती गेल्यावर जुना पंजा हातात घेतला. ठिगळाचं काम अर्ध्या तासाचं. पण मग माझ्या सतरा दिवसांचं काय? उद्या विचार करू.

१९ डिसेंबर
विचार केला. आणखी एक पट्टी घातली.

२० डिसेंबर, सकाळी ६
कवडू पंजे घेऊन गेला. बसच्या पायरीवरून म्हणाला, जुने बी द्या, असू द्या सोबत. फाटका घेऊन उतरशील का, म्हटलं. दोन जोड्या असल्या की माणसाचं मन डळमळतं. नाही दिले.

सायंकाळी ५
अभिनंदनाला कोणी येईल म्हणून इस्त्रीचा शर्ट घातलाय. कोणी आलं नाही. उशीर म्हणजे काम उत्तम चाललं असणार.

सायंकाळी ७
शर्ट अजून अंगात आहे.

२१ डिसेंबर
कवडू जिवंत आहे. हॉस्पिटलात.
तळाशी, धरणाच्या दाराशी पोचल्यावर त्याच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. थंडीनं पंजे लाकूड झाले होते. हवा संपत आलेली. टाचेचे पट्टे सुरीनं कापले आणि अनवाणी, घाईघाईत वर आला. डॉक्टरांनी सांगितलंय, इतक्या झटक्यात वर आलं की पाण्याच्या दाबानं आत इजा होते, पुन्हा पाण्यात उतरायचं नाही.
प्रयागबाई त्याची पोटरी चोळत होती. मला म्हणाली, दुसरी तुमी चोळा. मी हात लावला. कवडूनं पाय चादरीत ओढून घेतला.
मग मी उजवीकडे, उशाशी बसलो. माफी मागितली. थंडीचं, पट्टीचं, जुन्या पंजांचं, सगळं सांगितलं. स्वतःला एवढं खरं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. तो छताकडे बघत होता.
भेटीची वेळ संपल्यावर प्रयागबाई दारापर्यंत आली. म्हणाली, तुमी त्या बाजूनं बोलून राहिले होते. तिकडच्या कानानं आता त्याले ऐकू येत नाही.