ह्यांचा शोधनिबंध

वरसे, रोहा
ऑगस्ट १९९७

गोपाळभावोजी,

“वहिनी, दादाचं नाव विलायतेत जाऊ दे, इथलं जर्नल कोण वाचतंय!” असं तुम्ही म्हणालात. पण विलायतेतले लोक खाऱ्या जमिनीत येणाऱ्या खारभाताच्या पानातून डीएनए काढायची ह्यांची कृती चार ओळींत आटपा म्हणतात. ह्यांची विद्यार्थिनी लतिका म्हणाली, “काकू, तेवढ्यावर कुणालाच जमायचं नाय.” इथले पूर्ण कृती छापणार आहेत, म्हणून ह्यांच्या जागी मी इथल्यांनाच सही दिली.

बाकीच्यांना एवढंच सांगणार आहे. खरं कारण वेगळं आहे, ते फक्त तुम्हाला सांगते. विलायतेतल्या अंकात वारलेल्या लेखकाच्या नावापुढे क्रूस छापतात. इथे नुसतं नाव आणि घरचा पत्ता छापतात. वाचणाऱ्यांना शंका आल्या तर ते पत्र घालतील, आणि पोस्टमन दारात ह्यांच्या नावाने हाक मारेल.

तुमची वहिनी,
सगुणा