सत्तावीस नंबरची खुंटी

६ एप्रिल १९९१, शनिवार
आलो एकदाचा! गावातल्या बाकी जर्मनांबरोबर बायको-पोरंही जर्मनीला गेली, आमचं गाव ओस पडलं. साठीला टेकलेला मी, मिश डेपनर, आता मोल्डेनबाखच्या तटबंद चर्चचा राखणदार. तीन तट, पंधराशे सालची भिंत. जाळीदार कमानींचं छत बघता बघता मान अवघडली. दमलेल्या हाडांना जागा मिळाली, बरं वाटलं. शेजारच्या रेगिनामावशींनी मक्याची उकड दिली. वर म्हणाल्या, दाढी कर रे, नाहीतर तुर्क समजून वरून उकळतं तेल ओततील.

७ एप्रिल, रविवार
इथे चरबीचा बुरूज अजून वापरात आहे. घरागणिक एक खुंटी, तिला डुकराच्या खारवलेल्या चरबीची कातडीसकट लादी. रविवारी घंटा झाली की आठवड्यापुरतं कापायचं आणि कापल्या कडेवर आपला शिक्का मारायचा, म्हणजे चोरी कळते. सत्तावीस नंबरची खुंटी रिकामी दिसली, सोबत आणलेली माझी लादी तिलाच टांगली. कापलं, शिक्का मारला.

१४ एप्रिल
कडेवर माझा शिक्का नाही, २७ आहे. कुणाची तरी चेष्टा. लादी मात्र पहिल्याहून जाड. कापताना बरगडीत उसण भरली. घंटेचा दोर ओढताना धाप लागते. वय झालं.

२१ एप्रिल
आज पुन्हा कापली, पुन्हा उसण. पट्ट्याला नवं भोक पाडलं. मावशींनी हटकलं तेव्हा खुंटीचं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. अरे मेल्या, सत्तावीसवर? तुर्कांच्या वेढ्यात ते घर भुकेनं मेलं, शेजाऱ्यांनी आपल्या लाद्यांना हात लावू दिला नाही. तिथे टांगेल तो त्यांचा होतो. काढ आधी!

२८ एप्रिल
आठवडाभर टाळलं, आज काढायला गेलो. ओढली, तर माझीच बरगडी उपटल्यासारखी कळ. दोरी कापताना सुरी लादीला लागली — माझ्या शर्टावर रक्त. लादीच्या कातडीवर टाक्यांची खूण आहे. माझ्या अपेंडिक्सची.

३० एप्रिल
उठवत नाही. भीती वाटते. चौदा तारखेपासून मी जे खाल्लं ते —

५ मे
घंटा झाली नाही म्हणून मावशी आल्या. माझा आवाज फुटेना. म्हणाल्या, तुझ्यानं काही होत नाही बाबा, पड तू, मीच त्या लादीचे तुकडे करून कुत्र्यांना घालते. किल्ली घेतली. सुरीही. वही दाखवायला हात उचलला, तोवर गेल्या —
बुरुजाचं दार करकरलं.
मावशी, सुरी नको, सुरी न