पाहुणे पुंजारामच्या घरी

धावडा,
१५ मार्च १९७८

चि. सत्यशीला हिस बाबांचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. गहू घरात आला. पहाटे विहारात वंदनेला बसतो तेव्हा तुझी आठवण होते.

तुझं पत्र नीट वाचलं. कम्प्युटरच्या पुस्तकात फाइलचा पत्ता तिरप्या रेघा देऊन लिहितात. सुरुवातीलाच रेघ असली तर यंत्र मुळापासून शोधतं, नसली तर आपण असू तिथून. तुझ्या साहेबांनी लिहिलेल्या पुस्तकात ती पहिली रेघच जागोजाग राहून गेली आहे, आणि चूक दाखवून दिली तर ते तुला नोकरीत कायम करणार नाहीत, ही तुझी भीती. मला वाटलं, एवढ्याशा रेघेसाठी पोरीनं कशाला वाईट व्हावं? गप्प राहा, असंच लिहिणार होतो.

पण रविवारी गंमत झाली. कुंभार पिंपळगावचे सर्जेराव आपल्याकडे यायचे होते. कशासाठी, ते पुढे सांगतो. मी कार्डावर कळवलं होतं, हापसा डाव्या हाताला ठेवून सरळ या, उजवीकडे निळं दार. मी शेतातून रोज तसाच येतो. ते आले एस.टी.कडून! तिकडून तसं चाललं की पुंजारामचं घर लागतं, आणि निळी दारं आपल्या वस्तीत काय कमी? पुंजारामला वाटलं, त्याच्या बेबीनंदाला बघायला कोणीतरी पाहुणे धाडले. सर्जेरावांनी मला कधी पाहिलेलं नव्हतं, त्यांना तेच माझं घर वाटलं; त्यानं पोहे केले, पोरगी दाखवली. मी शोधत गेलो तर तिथं साखर वाटणं चालू.

"आवं तातेराव, निघायचं कुठून ते तर लिव्हलंच न्हाई तुम्ही!" सर्जेराव म्हणाले.

"आता जाऊ द्या," पुंजाराम हसला. "पसंती झाली. मंग तुम्ही बी तोंड गोड करा."

बेबीनंदा पदराआड हसत होती. तुझी आई मात्र माझ्याशी बोलून नाही राह्यली.

आता समजलीस ना? त्यांच्या मुलासाठी तुझा फोटो दाखवणार होतो. तुला न विचारता. गप्प राहा असं लिहिणार होतो खरा, पण कायम झालीस की तू गावाकडे यायची नाहीस, ही धास्तीही मला होती.

साहेबांना सांग. ते पुस्तक वाचणारे कुठून निघाले असतील, ते साहेबांना तिथं बसून कसं दिसणार? भांडू नकोस. यंत्रावर दुसऱ्याच ठिकाणाहून निघून त्यांच्याच पुस्तकातला पत्ता लावून दाखव. रागावले तर घर आहेच. पण ते रागावावेत असं मला आता बिलकुल वाटत नाही.

तू तिथंच राहावंस असं आज पहिल्यांदा म्हणणारा,
तुझा बाबा