काकूंची मूठ

३ फेब्रु., सोम.
लताकाकू परत डोक्याला तेल चोपडून आल्या! कितीदा सांगितलं, तेल असलं की टोपीतले इलेक्ट्रोड मेंदूचे सिग्नल धड पकडत नाहीत. "अगं, तेलाशिवाय डोकं ठणकतं माझं." शेवटी लॅबच्या बेसिनवर मीच शॅम्पूने धुतलं. पक्षाघातात उजवा हात गेलाय, तरी काकांना घेऊन मोहन्याहून ठाण्याला येतात बिचाऱ्या. काकूंनी मनात मूठ मिटायची, आमच्या प्रोग्रॅमने ते ओळखायचं, की टेबलावरचा प्लास्टिकचा हात मिटणार. आज एकदाही नाही मिटला.

५ फेब्रु., बुध.
परवा कमिटी प्रयोग बघायला येणार. सर म्हणतात, "शलाका, रिस्क नको. जुनी फाइल चालव." म्हणजे हात चालवायचा कुणा धडधाकट माणसाच्या रेकॉर्डिंगवर, आणि काकूंना टोपी घालून बसवायचं. शोभेला! म्हटलं, काकूंना काय सांगायचं? "त्यांना कशाला सांगायचंय?" लाज कशी वाटत नाही! डिग्री याच माणसाच्या सहीवर अडकलीये, नाहीतर...

७ फेब्रु., शुक्र.
झालं एकदाचं नाटक. काकू आज केस घरूनच धुऊन आलेल्या, ठेवणीतली साडी नेसून. मी टोपी घातली, फाइल सरांनी लावली. काकू डोळे मिटून जीव तोडून प्रयत्न करतायत, आणि तिकडे हात मिटला. टाळ्या! काकू रडायलाच लागल्या. "अहो, बघितलंत का? मी केलं!" काका मला हात जोडायला लागले. मला! नुसता संताप. घरी येऊन जेवले नाही. आई विचारत बसली.

१० फेब्रु., सोम.
शुक्रवारी टोपी रेकॉर्ड करतच होती. काकूंचे स्वतःचे सिग्नल आज उघडले, उगाच. तर "मूठ मिटा" म्हटलं की जिथे फरक पडायला हवा, तिथेच पडलाय! बारीक, पण आहे. परत परत तपासलं. प्रोग्रॅमला दिलं तर ओळखतोय. म्हणजे हात खरंच मिटला असता! मेल्याने बाईला तेवढी संधीही दिली नाही. सरांना दाखवलं. "वा, रिसर्च पेपरात टाकू." आणि कमिटीला दाखवलं ते? "तो विषय संपला."
कुणाचा संपला?

११ फेब्रु., मंगळ.
काकूंचा फोन. "सगळ्या चाळीला सांगितलं गं. शुक्रवारी मीच मिटली ना मूठ?"
उद्या मोहन्याला येते म्हटलं.
"ये ये, जेवायलाच ये."
फाइलचं पण सांगणार, त्यांच्या सिग्नलचं पण. सर काय करायचं ते करोत. पण सगळं ऐकल्यावर काकू मला परत ती टोपी घालू देतील?