माझ्या खिशातला ठसा

प्रिय चिमणे,

मान दुखायची थांबली का? जावईबापूंचा खोकला? बाळीला दात आले, की अजून नुसत्या हिरड्यांनीच सगळ्यांना चावते? तुझी आई बरी आहे, फक्त दार आपटलं तरी दचकते. मी ठणठणीत. तेच तर खुपतं.

सूत रंगवायच्या रंगशाळेचा बॉयलर गेल्या आठवड्यात सकाळी दहाला फुटला. छप्पर उडालं, त्याबरोबर तीन माणसं. वाफेनं भाजलेल्यांना उचलायला गेलो तर कातडीच हातात आली. सुताच्या गठ्ठ्यात एकीचा हात सापडला, मुठीत अजून दोरा होता. त्याच दुपारी लोक तुझ्या बॉयलर-तपासणीच्या कचेरीवर गेले. कारकुनाला जिन्यावरून फरफटत आणून सळयांनी गुडघे फोडले. तो बिचारा ओरडत होता, "अरे, मी नुसतं टपाल लिहितो!" मी गर्दीत उभा, खिशात तुझा तपासणीचा ठसा.

आठवतं, नोकरीच्या पहिल्याच वर्षी तू एक बॉयलर बंद केलास? मालकानं अंगावर कुत्रं सोडलं, पोटरीचा लचका गेला, पण ठसा मारला नाहीस. त्या ठशाच्या भरवशावरच परदेशी गिऱ्हाईक आलं, एकीच्या नऊ रंगशाळा झाल्या. आज नऊही बंद आहेत. बंदरावरून माल परत आलाय. गिऱ्हाईक विचारतं, तुमचा नेमका कुठला ठसा खरा?

तू बाळंतपणाला सासरी गेलीस, जिल्ह्यातले चारशे बॉयलर मागे ठेवून. वरच्यांनी बदली माणूस दिलाच नाही. "बाबा, तुमचा हात तो माझा हात," म्हणत ठसा माझ्याकडे दिलास. माझी, अडाणी फिटरची, छाती केवढी फुगली होती!

आता पोलिसांनी बॉयलरच्या भट्टीवाल्याला धरलंय. दाब वाढवायला व्हॉल्व्हवर वीट टांगली, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. त्यासाठी तीन नखं उपटली. वीट नव्हती गं. बॉयलरचा पत्रा झिजला होता. तपासणीला मी हातोडीनं ठोकला तेव्हा बसका आवाज आला, फुटक्या मडक्यासारखा. मालक म्हणाला, "काका, सुटीत बदलू की." आणि मी ठसा मारला. तुझ्या नावाचा.

सोमवारी चौकशी आहे. मी सगळं सांगणार, ठसा कुणी दिला तेही. पण बापानं पोरीचं नाव घेण्याआधी पोरीनं स्वतः उभं राहावं, एवढ्यासाठी हे पत्र. बाळीला घेऊन ये, चौकशीपुरती आईकडे ठेव. सोमवारच्या आत नुसतं "येते" एवढं लिहिलंस तरी पुरे, पण लिही.

तुझाच,
बाबा